सतरा नंबरची पहिली साठ पानं

कुणाचंही हस्तलिखित हातात आलं की मी पहिलं पान वाचत नाही. आधी मधलं कुठलं तरी पान उघडतो, मग शेवटचं, आणि पहिलं सगळ्यात उशिरा. पहिलं पान माणूस बाहेरच्या खोलीसारखं आवरून ठेवतो. मला मोरीपर्यंत जाऊन बघायचं असतं.

ही सवय शाळेतली. तीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातला बराचसा काळ कुणी कुणाचं बघून लिहिलं हे शोधण्यात गेला. दोन पेपरांत एकच चूक सापडली की मला आनंद व्हायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. घरी बायको म्हणते, तुम्ही कलिंगडवाल्याकडेसुद्धा असे बघता, जणू त्यानं फळात काहीतरी लपवलंय. असेल लपवलेलं. आपण बघायला काय जातं?

निवृत्त झालो त्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वडलांचं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत कागदाचं दुकान, घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि डोक्यात कथा-कादंबऱ्यांचं खूळ. दुकानाच्या माडीवर दोन खोल्या होत्या, तिथं त्यानं प्रकाशन सुरू केलं होतं. वर्षाला चार-पाच पुस्तकं, तीही फक्त कथा-कादंबरी. ‘सर, आलेलं सगळं वाचायला कोणतरी कडक माणूस पायजे,’ तो म्हणाला. कडक म्हटल्यावर मी हो म्हणालो.

कामाची पद्धत आम्ही दोघांनी बसून ठरवली. कोल्हापुरात नाव दिसलं की तो माणूस कुणाचा तरी पाहुणा निघतोच, मग वाचणाऱ्याचा हात अडखळतो. म्हणून आलेल्या प्रत्येक हस्तलिखिताचं नावाचं पान त्याची थोरली बहीण काढून कपाटात ठेवायची आणि उरलेल्यावर लाल पेननं नंबर घालायची, दर वर्षी एकपासून. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. मला फक्त नंबर कळायचा. वाचून झालं की एका वहीत अर्धं पान लिहायचं: घ्यावं, घेऊ नये, किंवा पुन्हा लिहून मागवावं, आणि का.

आणखी एक रिवाज होता, तो माझ्या डोक्यातून निघालेला. नाकारलेलं हस्तलिखित कोरं परत पाठवायचं नाही. माणसानं वर्ष-दोन वर्षं घासून लिहिलेलं असतं आणि मोठी प्रकाशनं ते तसंच्या तसं परत टाकतात, घडीसुद्धा मोडलेली नसते. आम्ही निदान सुरुवातीच्या काही पानांवर पेन्सिलीनं दुरुस्त्या करायच्या, समासात लिहायचं, एखादं वाक्य कसं करता येईल ते करून दाखवायचं. नकार गेलेल्या लोकांची आभाराची पत्रं यायची. ती मी घरी एका पिशवीत जपून ठेवली आहेत. या रिवाजाचा मला फार अभिमान होता.

गेल्या काही वर्षांत माझ्या संशयाला नवं खाद्य मिळालं. लोक फोनला सांगून कथा लिहून घ्यायला लागले. असलं लिखाण मी चार पानांत ओळखतो असं मला वाटतं. सगळं गुळगुळीत, कुणाला घाम नाही, कुणाच्या घरात वास नाही, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी शहाणपण. दोन-तीन वेळा पकडलंही. एक गृहस्थ तर दुकानात येऊन कबूल करून गेले आणि वर मलाच विचारलं की मग मी नेमकं काय बदलायला हवं होतं.

अशातच सतरा नंबर आला. दोनशेच्या आसपास पानं, टाइप केलेली, काठाला भोकं पाडून दोरीनं बांधलेली. आजऱ्याकडच्या काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईची कादंबरी, नाव नसलं तरी एवढं मजकुरावरून कळत होतं. मी ती कसबा बावड्याच्या घरी, दुपारी, गॅलरीत बसून वाचायला घेतली. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, मळीचा वास येत होता, तो येतच असतो.

माझ्या पद्धतीप्रमाणे मधलं पान काढलं. कारखान्यात दिवसभर फोडलेल्या काजूचे ढीग वेगळे होतात, अख्खा, पाकळी, तुकडा. निवड करणारी एक म्हातारी नव्या पोरीला म्हणते, हाताकडं बघू नको, हाताला कळतंय. पुढं दोघी भांडतात, तिसरी मध्ये पडते, मुकादम येतो आणि तिघी मिळून त्याच्यावर उलटतात. मी सरळ वीस पानं वाचली, चहा गार झाला. शेवटचं पान वाचलं. तेही चांगलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं तोवर.

मग पहिलं पान उघडलं आणि पाल चुकचुकली.

पहिली साठ पानं वेगळीच होती. वाईट नव्हती, उलट सफाईदार होती. लांब, वळणदार वाक्यं, मोजूनमापून बसवलेले शब्द. पण मधल्या पानांवर ज्या बाया एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या, त्याच इथं खिडकीशी उभ्या राहून विचार करत होत्या. साठाव्या पानानंतर जणू लिहिणारा माणूसच बदलला होता. मी मनात म्हटलं, इथं पाणी मुरतंय. यंत्राचं असावं असं आधी वाटलं. पण यंत्राचं असतं तर शेवटपर्यंत तसंच असतं. सुरुवात सुंदर आणि पुढचं ओबडधोबड, म्हणजे सुरुवात उचललेली.

आणि नवव्या पानावर एक वाक्य सापडलं, ते मी आधी वाचलेलं होतं. ‘तिच्या काळवंडलेल्या तळहातांवर उभ्या आयुष्याची सांज उतरली होती.’ शंकाच नव्हती. वाक्याचा चढ-उतार मला पाठ होता. पुढचा शब्द डोळ्यांआधी कानात येत होता. आणखी अशी पाच-सहा सापडली. प्रत्येकाखाली मी रेघ मारली.

चार दिवस मी पुस्तकं काढत बसलो. आधी घरातली दोन कपाटं, मग गावातलं वाचनालय. तिथला माणूस माझ्या ओळखीचा, त्यानं मला आत सोडलं. जुने कथासंग्रह चाळले, दिवाळी अंकांचे गठ्ठे सोडले, नाकात धूळ जाऊन शिंका आल्या. कुठंच सापडलं नाही. शहाणा माणूस इथं थांबला असता. मला मात्र वाटलं की चोर हुशार आहे, कुणाला न आठवणारं पुस्तक शोधून त्यातून उचललंय.

बायको म्हणाली, ‘चांगलं लिहिलंय का वाईट, ते सांगा ना.’

‘चांगलं आहे, म्हणून तर,’ मी म्हणालो.

वहीत लिहिलं: घेऊ नये. सुरुवातीची साठ पानं दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेली दिसतात.

प्रकाशकानं ते वाचलं आणि डोकं खाजवलं. त्यानंही सतरा नंबर वाचला होता. ‘सर, मागचा भाग लई जोरात हाय की. मुकादमाचं वाचून मी दुकानात एकटाच हसलोय. गिऱ्हाईक बघायलंय माझ्याकडं.’

‘मागचा तिचा आहे. सुरुवातीचा कुणाचा, ते सांग.’

‘पुरावा काय हाय?’

‘माझे कान.’

त्यानं वही मिटली. शाळेत माझ्याच वर्गात बसलेला मुलगा, माझ्या कानांवर शंका कशी घेणार? थोड्या वेळानं म्हणाला, ‘एकदा फोन करून इचारू या का बाईला?’ मी नको म्हणालो. फोनवर माणूस रडतो, गोंधळतो, आपल्याला दया येते. रीतसर पत्र पाठवावं. ते पत्रही मीच लिहून दिलं. ‘आपल्या कादंबरीचा आरंभीचा भाग अन्य लेखनावरून घेतल्याचे आमच्या वाचकाच्या निदर्शनास आले आहे. मूळ स्रोत कळवावा. समाधानकारक उत्तर न आल्यास आपले लेखन आम्ही यापुढे कधीही विचारात घेणार नाही.’ त्यातलं ‘यापुढे कधीही’ प्रकाशकाला खटकत होतं. मी ते काढू दिलं नाही. अक्कानं कपाटातून पत्ता काढला आणि पत्र गेलं.

उत्तर आलं नाही. मी प्रकाशकाला दोनदा म्हटलं, बघ. दुसऱ्यांदा म्हटलं त्याच आठवड्यात, दुपारी आम्ही तिघं माडीवर बसलो असताना जिन्यावर चपला काढल्याचा आवाज आला आणि एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीच्या आतबाहेरची, पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी.

‘आजऱ्यास्नं आलोय मी,’ ती म्हणाली. ‘तुमचं पत्र आलतं.’

अक्कानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं तांब्या घेतला तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. बोटांची टोकं काळी पडलेली, कातडी जागोजागी सोललेली. मी मान सरळ केली. पुरावा मागायला बसलेल्या माणसानं असं वितळून चालत नाही, असं स्वतःला बजावलं.

तिनं पिशवीतून एक जुनी फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. ‘तुमी इचारलंयसा न्हवं, कुठनं घेतलं म्हणून? ह्यातनं घेतलंय.’

मी फाइल उघडली. हातानं लिहिलेल्या कथा होत्या, निळ्या शाईत, आणि ओळींवर, ओळींखाली, समासात, जागा मिळेल तिथं पेन्सिल चाललेली. जुन्या वळणाचा ‘झ’. बाणाचं टोक वाकडं. त्या साध्या, गावठी निळ्या अक्षरावर ती पेन्सिल मोठ्या तोऱ्यात फिरली होती. पेन्सिलीचं अक्षर माझं होतं.

‘सहा वर्सांमागं हितंच पाठवलत्या,’ ती सांगत होती. ‘पाच कथा हुत्या. तुमी घेटल्या न्हाईसा. पर खुणा करून पाठवलासा. मला लई बरं वाटलं बघा. कोणतरी बसून वाचलंय म्हणून. ती वाक्यं मी वहीत उतरून काढली. सकाळी कारखान्यात जायच्या आदी एकदा वाचायची. लिवायचं आसं असतंय म्हणून. मग त्याच कथा जोडून ही कादंबरी केली.’

खरं सांगतो, क्षणभर मनात आलं की म्हणावं, हे अक्षर माझं नाही. दुसरा कुणी वाचक असेल. नंबर घातलेला असतो, नाव नसतं, कुणाला काय कळणार? ते मनात आलं याची मला अजून लाज वाटते. पण प्रकाशक माझ्याकडं बघत होता आणि त्यानं हेच अक्षर शाळेच्या वहीत लाल शाईत पाहिलेलं होतं.

‘सर,’ तो हळूच म्हणाला, ‘हे तर तुमचं अक्षर.’

‘माझंच,’ मी म्हणालो.

नवव्या पानावरचं वाक्य पहिल्याच कथेत होतं. समासात मी लिहिलं होतं: ‘फार सपाट. असे करता येईल.’ आणि खाली ती तळहातांवरची सांज. जिचा उगम मी चार दिवस वाचनालयात धुळीत शोधला, ती माझ्याच हातून उतरलेली. मी ज्यावर काट मारली होती ते तिचं मूळ वाक्य पेन्सिलीखाली नीट वाचता येत होतं. प्रकाशकानं फाइल ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचलं. ‘काजूचं तेल लागलं की हाताची कातडी निघायची, मग चार दिवस सासू भाकऱ्या करायची आणि एकेका भाकरीमागं एकेक शब्द ऐकवायची.’

अक्का खळखळून हसली. ‘खरं हाय की गं बाई,’ ती म्हणाली.

मग त्यानं माझं वाक्य वाचलं. अक्का रिकामा तांब्या उचलून आत ठेवायला गेली. बाहेर रिक्षा हॉर्न देत होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मारणारं कुणी नव्हतं.

मी बाईंना विचारलं, पहिल्या साठ पानांत माझी अशी किती आहेत. त्यांना ते पाठ होतं. ‘तुमची एकोणीस हैत. बाकीची तुमच्यागत मी केल्यात.’

‘आणि साठच्या पुढं?’

‘पुढच्या कथांवर तुमी काय खुणाच केल्या न्हाईसा. मग मला कळंना, कसं करायचं. मग मी आपलं माझंच लिवलं.’ जणू चूक झाली असावी अशा आवाजात त्या हे सांगत होत्या.

त्या पानांवर मी खुणा का केल्या नव्हत्या ते मला आठवत नाही. कंटाळा आला असेल. पेन्सिल बोथट झाली असेल. त्या कंटाळ्यामुळं पुढची सगळी पानं माझ्या पेन्सिलीपासून वाचली होती.

मी माफी मागितली. शिक्षकाला माफी मागायची सवय नसते, ती नीट मागता आली नाही, मध्येच मी आमच्या पद्धतीबद्दल बोलायला लागलो. नावाचं पान काढतात वगैरे. मग म्हणालो, कादंबरी आम्ही घेऊ. फक्त पहिली साठ पानं पुन्हा लिहा. माझं सगळं काढून टाका. तुमचं पहिलं होतं तसंच ठेवा, तेच चांगलं होतं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. वर्गात टेबलामागून मी पोरांकडं जसा बघायचो, तीच नजर मी ओळखली.

‘आदी म्हणालासा ह्ये चुकीचं हाय, मी काढलं,’ त्या म्हणाल्या. ‘मग पत्र धाडलासा, चोरीचं हाय. आता म्हणतासा पयलंच बरं हुतं. कशावरनं खरं धरायचं?’

प्रकाशक मध्ये पडला. ‘ताई, सरांचं सोडा. मी पुस्तक काढणारा माणूस हाय. मी सांगतो, मला मागची पानं वाचून हसू आलं आणि एकदा रडू आलं. तसली साठ पानं मला सुरवातीला पायजेत. कोण पेन्सिल लावणार न्हाय. माझा शब्द.’

त्या तयार झाल्या. पहिली साठ पानं दोरी सोडून वेगळी काढून नेली, बाकीची माडीवर ठेवली. जाताना अक्काकडून बसची वेळ विचारून घेतली. मला नमस्कारही केला, रीतसर, शाळेच्या सरांना करतात तसा.

त्या दिवसापासून मी पेन्सिल लावणं बंद केलं. आता नकाराबरोबर मी वेगळ्या कागदावर लिहितो, काय कळलं आणि काय कळलं नाही एवढंच. वाक्य करून दाखवत नाही. घरची ती आभाराच्या पत्रांची पिशवी एकदा काढून बसलो. ‘आपण सुचवल्याप्रमाणे बदल केले आहेत,’ असं जवळजवळ प्रत्येकानं लिहिलं होतं. पूर्वी ते वाचून छाती फुगायची. आता मला प्रत्येक पत्रामागच्या माणसाची काळजी वाटायला लागली. कुणाकुणाच्या वहीत माझी सांज उतरून बसली असेल, देव जाणे.

साठ पानं आली नाहीत. महिना गेला, दोन गेले. प्रकाशकानं मुखपृष्ठाचं बोलणं चालू केलं होतं, ते थांबवलं. चौथ्या महिन्यात मला राहवेना. मनात पुन्हा नेहमीचं सुरू झालं होतं, ते लपवत नाही: दुसऱ्या प्रकाशनाला दिली असेल, किंवा मुळात ती मागची पानं तरी तिची होती का? इतकं झाल्यावरही माझं मन असलं चालतं. अक्काकडून नंबर घेतला आणि फोन केला.

मागं कारखान्याचा आवाज होता, काजू फोडायच्या यंत्रांची खटखट आणि बायकांचं बोलणं. त्या बाजूला जाऊन बोलायला लागल्या.

‘बसतोय की सर रोज,’ त्या म्हणाल्या. ‘न्हाय असं न्हाय. पर लिवायला घेटलं की तुमचंच आदी येतंय. खिडकी येत्या, सांज येत्या. त्ये खोडायचं, परत बसायचं, परत त्येच. सा वर्सं रोज सकाळी वाचलंय न्हवं. माझं कसं येत हुतं, त्ये आता आठवंना झालंय.’

‘जुनी फाइल आहे ना, ती बघून…’

‘त्ये बघून उतरता येतंय. पर नवं येत न्हाय. पुढच्या पानांतली म्हातारी पयल्या पानात कशी बोलंल, त्ये ऐकूच येईना.’

पलीकडून कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी आले म्हणून सांगितलं.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘तुमी शिकवलासा तवा जमलं. आता डोक्यातनं काढायचं कसं, तेवढं एकदा सांगा की.’

मला ते येत नव्हतं.